गटारीच्या पाण्यातून साथ कळते का? कळते, पण आधी गटार कुठं जाते ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाव नगरपालिकेचं, जळगाव जिल्ह्यातलं, वस्ती लाखाच्या आतबाहेर, बहुतेक गल्ल्यांत उघड्या गटारी नि घरोघरी सेप्टिक टँक, भुयारी गटारीचं काम अजून रस्ते खोदण्यापुरतंच. आता पालिकेच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विषय काढला की सांडपाणी तपासून व्हायरसची साथ आधीच ओळखायची, त्यासाठी मशीन घ्यायची. तर हे खरंच होतं का, का बजेट संपवायची नवी आयडिया आहे, असं तुम्ही विचारलंय. वर डेंग्यूचं अन् नळाच्या पाण्याचंही विचारलंय, ते शेवटी घेतो.

मी मायक्रोबायोलॉजीवाला, मूळ धुळ्याकडचा, निम्मी नोकरी लॅबमध्ये गेली अन् निम्मी नाल्याच्या काठावर बाटली घेऊन, त्यामुळं सांगतो ते बघितलेलं सांगतो.

तर होतं, आणि हे काही कोविडमध्ये निघालेलं नवीन फॅड नाही. पोलिओवाले हे काम आपल्याकडं २००१ पासून करतायत, मुंबईत एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरने सुरू केलं. कारण साधं आहे, पोलिओचा व्हायरस पोटात गेलेल्या साधारण २०० मुलांत एखाद्यालाच लुळेपणा येतो, बाकीची मुलं खेळत असतात, फार तर ताप येऊन जातो, पण शौचातून व्हायरस सगळ्यांच्याच बाहेर पडतो. दवाखान्याला दिसतो एक, गटारीला कळतात दोनशेच्या दोनशे. मुंबईच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ (म्हणजे मूळचा, लसीतला नव्हे) शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये आणि देशातला शेवटचा पेशंट हावड्याला, जानेवारी २०११ मध्ये, आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा त्यामागं पेशंट नाहीत एवढंच नव्हतं, गटारीतही नाही हा पुरावा होता.

कोविडमध्ये तीच कल्पना परत आली. नेदरलँड्समध्ये २०२० च्या सुरुवातीला सांडपाणी तपासायला घेतलं तर आमर्सफोर्ट नावाच्या गावात पेशंटची नोंद व्हायच्या आधीच गटारीत व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, सापडला. आपल्याकडं अहमदाबाद, हैदराबाद, पुणे, बंगळूर इथल्या संस्थांनी केलं. कोविड तसा श्वासाचा आजार, पण निम्म्याच्या आसपास पेशंटच्या शौचात त्याचा आरएनए येतो, आणि लक्षणं यायच्या आधीपासून यायला लागतो. एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो कारण लोक घाबरतात, गटारीत सापडतो तो बहुतेक तुटलेला आरएनए असतो, जिवंत व्हायरस नाही, त्या पाण्यातून कोविड होतो असं नाही. कावीळ किंवा जुलाबाच्या व्हायरसचं मात्र तसं नाही, ते पाण्यात चांगले टिकतात.

आता मुद्द्याचं. वरच्या बहुतेक ठिकाणी भुयारी गटार आहे, घरातला संडास थेट पाइपात, पाइप थेट सांडपाण्याच्या प्लांटवर, तिथं बाटली भरली की अमुक एवढ्या माणसांचं पाणी आहे हे सांगता येतं. आपल्याकडं काय होतं? संडास सेप्टिक टँकमध्ये. तिथं गाळ खाली बसतो, आणि बरेचसे व्हायरस गाळालाच चिकटून राहतात, वरचं पाणी तेवढं झिरपतं किंवा गटारीत येतं. गटारीत उरतं काय, तर मोरीचं पाणी, भांड्याचं, कपड्याचं, वर शेण, प्लास्टिक नि दुकानांचा कचरा. म्हणजे तुम्ही गावाच्या शेवटच्या नाल्यावर उभं राहून सॅम्पल घेतलं आणि निगेटिव्ह आलं तर गावात व्हायरस नाही असं नाही, तो टँकमध्ये बसलेला असू शकतो. मग चार महिन्यांनी कुणाचा तरी टँक भरतो, व्हॅक्युम टँकर येतो, आणि टँकरवाला रात्री कुठं ओततो हे तुम्हालाही माहिती आहे नि मलाही. त्या दिवशी नेमकं तिथून खाली सॅम्पल घेतलं की एकदम भरमसाट पॉझिटिव्ह. साथ नाही काही नाही, टँकर रिकामा झाला एवढंच.

म्हणून मी सगळ्यांना म्हणतो, मशीन राहू द्या, आधी मुकादमाला बरोबर घ्या आणि गटारीच्या बाजूनं चाला. पालिकेत नकाशा असतो, पण तो डीपी, म्हणजे विकास आराखडा, मंजूर झाला त्या काळातला. एका गावात आम्ही पहाटे असेच निघालो होतो, नकाशात दाखवलेलं की बाजारपेठेच्या मागची मोठी गटार खालच्या पुलाजवळ नाल्याला मिळते, तिथं बाटली दोरीला बांधून तयार. मुकादम म्हातारा माणूस, हातात गाळ काढायचा दाताळा, आमच्याकडं बघत शांत उभा, मग म्हणाला, "साहेब, हाई पानी तठे जास नही." त्यानं दोन गल्ल्या मागं नेऊन दाखवलं, कुणीतरी प्लॉट पाडताना गटार फोडून सरळ शेताच्या चारीत सोडली होती, नकाशातल्या जागी येत होतं ते फक्त दोन हॉटेलांचं आणि एका गॅरेजचं पाणी. खात्री करायला वर बादलीभर रंगाचं पाणी ओतलं, तर ते चारीत निघालं. आम्ही पुलावरच्याच बाटलीवर गेलो असतो तर वर्षभर ग्राफ काढला असता, अन् तो ग्राफ शेवभाजीच्या तेलाचा असता. ज्या माणसाला कुणी मीटिंगला बोलवत नाही त्यालाच गावाचं पोट ठाऊक असतं, तर त्याला पहिल्या मीटिंगला खुर्ची द्या. आणि हो, कुणालाही चेंबरमध्ये उतरवायचं नाही, आत गॅस असतो, माणसं मरतात, कायद्यानंही २०१३ पासून बंदी आहे. दोरी, बादली, ग्लोव्हज, गमबूट, वरूनच काम करायचं.

चालून झालं की तुम्हाला कळेल की गावात सॅम्पल घेण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत. माझा अनुभव असा की उघड्या गटारीच्या गावात सगळं गाव कव्हर करायचा हट्ट सोडावा आणि ज्यांच्या संडासाची लाइन माहीत आहे अशा जागा धराव्या: सरकारी दवाखाना, आश्रमशाळा नि वसतिगृहं, एसटी स्टँडचं सार्वजनिक शौचालय, भुसावळसारखं असेल तर रेल्वे कॉलनी. सुलभ शौचालयाच्या टाकीच्या तोंडाशी घेतलेलं एक सॅम्पल गावाच्या नाल्यावरच्या दहा सॅम्पलपेक्षा जास्त बोलतं. आणि गावाला मैला गाळ प्रक्रिया केंद्र असेल तर सोन्याहून पिवळं, टँकर तिथं येतात, प्रत्येक टँकर कुठल्या भागातला ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं (म्हणजे असायला पाहिजे), टँकरच्या पाइपातूनच घ्या. फक्त एवढं ध्यानात ठेवा की टँकमधला माल महिन्यांचा साठलेला आहे, त्यावरून आजचं काही सांगता येत नाही, हा व्हायरस या भागात येऊन गेला एवढं सांगता येतं.

सॅम्पल घ्यायचं कसं यावर लोक फार खर्चिक कल्पना घेऊन येतात, ऑटोसॅम्पलर वगैरे. उघड्यावर ठेवला तर आठवड्यात चोरीला जाईल. मूर स्वॅब नावाचा प्रकार आहे, इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी १९४८ च्या सुमारास पॅराटायफॉइड पसरवणारा माणूस गटारीतून माग काढत शोधायला वापरला होता. काय आहे, तर दवाखान्यातल्या गॉजची घडी, तारेनं बांधायची, वाहत्या पाण्यात एक-दोन दिवस लटकवायची, मग पिळून ते पाणी लॅबला. एकदा भरलेली बाटली त्या क्षणाचं सांगते, गॉज दोन दिवसांचं सांगतो. खर्च जवळपास नाहीच. आकडा नीट काढता येत नाही हा तोटा आहे, पण आहे की नाही एवढं विचारायचं असेल तर आमच्या गटारींना यापेक्षा चांगलं मला तरी काही सापडलेलं नाही.

बाटलीनंच घ्यायचं तर सकाळी सहा ते आठ, दर खेपेला त्याच वेळी, त्याच जागी. आणि इथं खान्देशाची खास गोष्ट, नळाचा वार लिहून ठेवा. आपल्याकडं पाणी रोज येतं कुठं, कुठं चार दिवसांनी, कुठं आठ. ज्या दिवशी त्या भागात पाणी येतं त्या दिवशी अंगण धुणं, गाड्या धुणं, गोधड्या धुणं, गटार दुथडी वाहते आणि सॅम्पल पातळ होतं. दुसऱ्या दिवशी तीच गटार घट्ट. कुणी वार न बघता दर सोमवारी सॅम्पल घेतलं तर त्याला व्हायरस वरखाली होताना दिसेल, प्रत्यक्षात वरखाली होत असेल तो व्हॉल्व्ह. सॅम्पलच्या कागदावर तारीख, वेळ, पाऊस, तापमान यांच्यासोबत "पाणी सोडलं होतं का" हा रकाना आम्ही हातानं घातला, छापील फॉर्ममध्ये तो नसतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, यात्रेला गाव फुगतं (अमळनेरला बोरीच्या पात्रातच यात्रा भरते), दिवाळीनंतर नंदुरबारकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, हे सगळं पण लिहायचं, कारण गटारीला किती माणसं जोडलेली आहेत ते त्यावर ठरतं.

उन्हाचं तर विचारूच नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढं, काळ्या डांबरी रस्त्यावर मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली बाटली दुपारपर्यंत लॅबला पोहोचेस्तोवर आरएनए बराच गेलेला असतो. लसीचा कॅरियर वापरा, आइसपॅक भरून, ४ डिग्रीच्या आसपास राहिलं पाहिजे, आणि त्याच दिवशी लॅब. आरोग्य केंद्राकडं कॅरियर असतोच, पण लसीचा तो लसीचा, गटारीचा वेगळा ठेवा नि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

लॅबचं जास्त खोलात जात नाही. गरम करून निर्जंतुक करणं, फिरवून गाळ वेगळा करणं, पीईजी नावाच्या पावडरीनं व्हायरस एकत्र आणणं, आरएनए काढणं, मग आरटी-पीसीआर, म्हणजे तो आरएनए आहे का नि किती आहे हे बघायची तपासणी. साबण, रंग, नि गटारीतल्या कुजक्या मालामुळं पीसीआर अडतो आणि खोटं निगेटिव्ह येतं, म्हणून तेच सॅम्पल दहापट पातळ करूनही चालवायचं, पातळ केल्यावर सिग्नल सुधारला तर समजायचं अडथळा होता. रिपोर्टमध्ये सीटी व्हॅल्यू येते, ती जितकी कमी तितका व्हायरस जास्त, साधारण ३.३ चा फरक म्हणजे दहापट.

मग पातळ झालेल्या सॅम्पलचं काय करायचं? त्यासाठी एक भारी युक्ती आहे. मिरचीच्या झाडाला होणारा एक व्हायरस असतो, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. आपण मिरची खातो, चटणी खातो, तो पोटातून जसाच्या तसा पार होतो आणि माणसाच्या शौचात भरपूर असतो, माणसाला काही करत नाही. तर सॅम्पलमध्ये तो मोजायचा, म्हणजे या बाटलीत मैला किती होता याचा अंदाज येतो, आणि कोविड किंवा कावीळचा आकडा त्याच्या प्रमाणात बघायचा. जगभर हे वापरतात, आणि आपण खान्देशी माणसं, आपल्याकडं हा व्हायरस कमी पडायचा प्रश्नच नाही. पण नंदुरबारला जरा जपून. तिथं मिरचीच्या पथाऱ्या आहेत, सीझनला शेकडो टन लाल मिरची उघड्यावर वाळते, व्यापाऱ्यांची गोडाऊनं, धुण्याचं पाणी, अवकाळी पाऊस झाला की सगळं वाहून नाल्यात. तिथं मिरचीचा व्हायरस माणसाच्या पोटातून आला की थेट पथारीवरून हे पीसीआर सांगत नाही. अशा ठिकाणी माणसाच्याच आतड्यात राहणारा दुसरा मार्कर, क्रॅसफेज म्हणतात त्याला, तो जोडीला लावायचा. पुण्या-बंगळूरचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलला की असे खड्डे लागतात.

आकडा आला की त्यावरून गावात किती पेशंट हे काढायचा मोह आवरा. एका सॅम्पलवरून साथीचा अंदाज करणं म्हणजे रावेरच्या एका दिवसाच्या केळीच्या भावावरून सीझन सांगणं. आठवड्याला दोन सॅम्पल, निदान महिना-दोन महिने काही नसताना घेतलेले, मग सलग तीन वर जाताना दिसले तर दखल. काही नसतानाचं सॅम्पल घ्यायला कुणी पैसे देत नाही आणि नेमकं तेच सगळ्यात गरजेचं असतं.

एक गमतीची गोष्ट, पल्स पोलिओच्या रविवारनंतर गटारीत पोलिओ सापडतो. सापडणारच, लसीच्या थेंबात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, तो मुलांच्या शौचातून येतो. एखाद्या उत्साही लॅबवाल्यानं हे पत्रकाराला सांगितलं की झालं कल्याण. म्हणून पोलिओचं सॅम्पल ठरलेल्या लॅबमध्येच जातं, तिथं तो लसीतला की जंगली की लसीतून बदललेला हे बघतात. पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप २ हा २०१६ मध्ये आपल्या थेंबांतून काढून टाकला, तरी २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या नमुन्यांत टाइप २ निघाला, माग काढला तर एका कंपनीच्या काही बॅचमध्येच तो मिसळलेला होता. हे कुठल्या ओपीडीत कळलं नसतं. लंडनमध्ये २०२२ मध्ये बेक्टनच्या प्लांटवर लसीतून बदललेला टाइप २ सापडला, तेव्हा त्यांनी काय केलं, वरच्या छोट्या लाइनींवर सॅम्पल घेत घेत भाग हेरला आणि ऑगस्टमध्ये १ ते ९ वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला. लुळेपणाचा एकही पेशंट नसताना. सापडल्यावर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून तपासण्याला अर्थ आला.

तुमच्या गावासाठी मी कुठला व्हायरस निवडीन? कोविड नाही. कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ई आणि ए. आपल्याकडं पाण्याची पाइपलाइन गटारीतून नाहीतर गटारीच्या बाजूनं जाते, पाणी चार दिवसांनी येतं, मधल्या काळात पाइप रिकामा, आणि फुटक्या जॉइंटमधून गटारीचं पाणी आत ओढलं जातं. दिल्लीत १९५५-५६ मध्ये सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि २९ हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली, ती हिपॅटायटिस ई होती हे पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. हा व्हायरस पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला २ ते १० आठवडे लागतात, आणि गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेततो. म्हणजे ओपीडीत पेशंट दिसेपर्यंत महिना निघून गेलेला असतो आणि लिकेज चालूच. गटारीत नेहमीपेक्षा वाढ दिसली तर त्या भागातली पाइप क्रॉसिंग तपासायला तुमच्याकडं थोडे तरी दिवस हातात राहतात, आणि ती दुरुस्ती पालिकेच्या हातातली आहे, दिल्ली-मुंबईची वाट बघावी लागत नाही. फक्त हिपॅटायटिस ई आपल्या सांडपाण्यात अधूनमधून असतोच, नुसता सापडला म्हणून दवंडी पिटू नका, वाढला का ते बघा.

सातपुड्यातल्या पाड्यांचं कुणीतरी विचारेलच, अक्कलकुवा, धडगाव. तिथं हे चालत नाही. गटारच नाही तर सॅम्पल कशाचं घेणार. तिथं आशाताई आणि १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला तर १४ दिवसांत शौचाचे दोन नमुने, ही जुनी पद्धतच खरी, तिला पैसे द्या.

लोकांचा विरोध होतो का? होतो, आणि चुकीचा नाही. "आमच्या गल्लीचं नाव पेपरात येईल" ही भीती कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बघितली. गटारीवरून घर कळत नाही हे खरं, पण ५० घरांच्या गल्लीचं सॅम्पल घेऊन गल्लीचं नाव छापलं तर घर कळल्यासारखंच आहे. रिपोर्ट मोठ्या भागाचा काढा, मोहल्ल्याचं नाव आतल्या कागदावरच ठेवा.

मशीनचं म्हणाल तर प्रस्तावातून ती ओळ खोडायला सांगा. धुळे, जळगाव, नंदुरबारला कोविडमध्ये पीसीआरच्या लॅब उभ्या राहिल्या, मशीन आहेत, चालवणारी पोरंही आहेत. पालिकेनं मशीन घेतली तर किट नि टेक्निशियनवाचून ती वर्षभरात कव्हरखाली जाईल. पालिकेचा खर्च सॅम्पलचा, गाडीचा, आइसपॅकचा आणि एका माणसाच्या पगाराचा, तपासणीसाठी मेडिकल कॉलेजशी किंवा विद्यापीठाशी लेखी करार. आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्थाही शहरांत सांडपाण्यावर लक्ष ठेवायचं काम वाढवतंय, त्यांच्याशी कॉलेजमार्फत जोडून घ्या. आणि करारात एक कागद पहिल्याच दिवशी जोडा: रिपोर्ट वाढलेला आला तर फोन कुणी कुणाला करायचा, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर किती तासांत पाइप बघणार, टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) कोण वाढवणार. हा कागद बनत नसेल तर सरळ नाही म्हणा, तपासणी करूच नका.

डेंग्यूसाठी हे नको. तो पेशंटच्या लघवीतून थोडाफार येतो, गटारीत भरवशानं सापडत नाही, त्यापेक्षा कंटेनर सर्व्हे करा, कूलर नि रांजण रिकामे करा, पाणी चार दिवसांनी येतं म्हणून साठवण जास्त आणि म्हणून अळ्या जास्त, एवढं सरळ गणित आहे.

नळाच्या पाण्याचंही यातून कळत नाही. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोडकडं जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियां-बारे सिंड्रोमचे, पेशंट वाढले तेव्हापासून हा प्रश्न सगळे विचारतात, पण पिण्याचं पाणी वेगळं तपासायचं. पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट करा, नळ येतो त्या दिवशी, टाकीजवळ नाही तर लाइनीच्या शेवटच्या घरी. पिवळा रंग नाही आला तर क्लोरीन तिथपर्यंत पोहोचतच नाही, आणि पाणी येऊन अर्धा तास झाल्यावरही तेच असेल तर त्याच लाइनीवर लिकेज शोधायला सुरुवात करा, सगळ्यात आधी जिथं ती गटार ओलांडते तिथं.